जेवतानाच्या गप्पांमधील भाषिक वैशिष्ट्ये: यादी झाली, विश्लेषण कसे करावे?

कोथरूडची_विद्यार्थिनी (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात शिकते. घरगुती, अनौपचारिक बोलण्यातील भाषिक वैशिष्ट्यांवर मला एक लघुप्रकल्प सादर करायचा आहे. त्यासाठी मी आमच्या घरी रविवारच्या दुपारच्या जेवणाचे सुमारे ४० मिनिटांचे ध्वनिमुद्रण केले. जेवायला आजी (वडिलांची आई), आई, लग्नानंतर सोलापूरला स्थायिक झालेली माझी मावशी, धाकटा भाऊ आणि मी असे पाच जण होतो. सर्वांची परवानगी आधीच घेतली होती. फोन लोणच्याच्या बरणीमागे ठेवला होता, तरीही सुरुवातीची सात-आठ मिनिटे सगळेच जपून बोलत होते आणि आजी तर फोनकडे पाहूनच बोलत होती, म्हणून तेवढा भाग मी वगळला आहे.

उरलेले बोलणे उतरवून काढल्यावर मी त्याची वर्गवारी केली. ‘चहाबिहा’, ‘गरमगरम’, ‘थोडंथोडं’ यांसारखे अभ्यस्त शब्द, ‘कुरकुरीत’, ‘झणझणीत’, ‘खुसखुशीत’ अशी ध्वन्यनुकारी विशेषणे, ‘अगं’, ‘छे’, ‘बरं’ ही केवलप्रयोगी अव्यये, ‘च’, ‘ना’, ‘तर’, ‘पण’ हे छोटे शब्द, इंग्रजी शब्दाला ‘करणे’ जोडून झालेली ‘ऑर्डर करणे’, ‘ट्राय करणे’ अशी क्रियापदे, अपूर्ण वाक्ये आणि शेवटी ‘बोलीभाषेतील उच्चार’ असे विभाग करून प्रत्येकाची उदाहरणे मोजली आणि तक्ता तयार केला. मसुदा वाचून झाल्यावर मार्गदर्शकांनी समासात एकच ओळ लिहिली: ‘ही यादी झाली, यात बोलणे कुठे आहे?’

या एका ओळीवर मी आठवडाभर विचार करते आहे. तक्ता चुकीचा नाही, हे मला माहीत आहे. परंतु तो वाचून आमच्या घरातले ते जेवण डोळ्यांपुढे उभे राहत नाही, हेही तितकेच खरे आहे. नमुन्यादाखल एक उतारा देते. कंसातील आकडे विरामाचे सेकंद दाखवतात.

१ आई: घे ना गं आणखी थोडी आमटी.
२ मावशी: नको गं, बास, खूप झालं.
३ आई: अगं, एवढीशीच तर घेतलीस.
४ मावशी: नको, नको. (०.८) बरं, अर्धी पळी घाल.
५ आजी: मीठ जरा जास्त पडलंय का गं आज?
६ (१.२)
७ आई: पडलं असेल हो, घाई झाली ना.
८ मावशी: मला तर छानच लागतेय.
९ भाऊ: भाताबरोबर कळतपण नाहीये.
१० आजी: नाही, चव छानच आहे, मी आपलं म्हटलं.
११ मावशी: आपल्याकडं चिंच असायची बघ, आमच्याकडं तर शेंगांचं कूट घालतात.
१२ आजी: आपल्याकडे पहिल्यापासून आमसूलच.
१३ आई: दोन्ही छान लागतं. (०.५) भात घ्या.

हा उतारा घेऊन विश्लेषण कुठून सुरू करावे, आणि मोजलेली वैशिष्ट्ये त्यात कशी आणावीत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मुठाकाठ (उत्तर)

मार्गदर्शकांची ओळ आपल्याला कठोर वाटली असेल, पण पुढचा रस्ता तिच्यातच आहे. ‘ना’ किती वेळा आला हे तक्त्यावरून कळते. पहिल्या ओळीतला ‘ना’ आणि सातव्या ओळीतला ‘ना’ वेगवेगळी कामे करत आहेत, हे मात्र त्यावरून कळत नाही. ‘घे ना गं’ यातला ‘ना’ आज्ञेची धार काढून तिचे आर्जव करतो, तर ‘घाई झाली ना’ यातला ‘ना’ ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीकडे बोट दाखवून त्याची संमती मागतो. व्याकरणाच्या पुस्तकात दोन्ही ‘ना’ शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणून एकाच ओळीत बसतात. बोलण्यात ते एका जागी बसत नाहीत.

म्हणून शब्द हे एकक न धरता बोलण्याची पाळी, म्हणजे एका माणसाने एका वेळी सलग बोललेला भाग, हे एकक धरावे. आधीचा माणूस काय बोलला, त्यावर ही पाळी काय करते, आणि पुढच्या माणसाने ती कोणत्या अर्थाने घेतली, हे तीन प्रश्न प्रत्येक ओळीला विचारावेत. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात पाळ्यांच्या रचनेवर लिहिलेला लेख आपल्या अभ्यासक्रमात असेलच. त्यातली मला सर्वांत उपयोगी वाटणारी गोष्ट अशी, की एखाद्या बोलण्याचा अर्थ काय हे अभ्यासकाने आपल्या मनाने ठरवायचे नसते. पुढे बोलणाऱ्याने तो अर्थ काय लावला, याचा पुरावा उताऱ्यातच मिळत असतो.

आता पाचवी ओळ पाहा, कारण माझ्या मते संपूर्ण उताऱ्यात तीच सर्वांत दाट विणीची आहे. आजींना म्हणायचे आहे ते इतकेच, की सुनेने आमटीत मीठ जास्त घातले. परंतु ‘तू मीठ जास्त घातलंस’ असे त्या म्हणत नाहीत. ‘घातलं’ऐवजी ‘पडलं’ आले, त्यामुळे घालणारा हात वाक्यातून नाहीसा झाला. ‘जरा’ने प्रमाण कमी केले, ‘का’ने विधानाचा प्रश्न केला, ‘गं’ने जवळीक राखली आणि शेवटच्या ‘आज’ने एरवी असे होत नाही हेही सांगून टाकले. सहा-सात शब्दांच्या वाक्यात दोष सौम्य करणाऱ्या पाच गोष्टी आल्या, आणि त्या आपल्या तक्त्यात पाच निरनिराळ्या रकान्यांत विखुरल्या आहेत.

‘पडणे’ आणि ‘घालणे’ या जोडीवर आपण एक स्वतंत्र परिच्छेद लिहावा, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. मराठी स्वयंपाकघरात बिघडलेल्या गोष्टी जवळजवळ नेहमी अकर्मक क्रियापदांनीच सांगितल्या जातात: दूध उतू गेलं, दूध फाटलं, पोळी करपली, भात लागला, डाळ शिजलीच नाही. ‘मी दूध उतू घालवलं’ असे कोणी म्हणत नाही. जिथे सकर्मक रूप सहज उपलब्ध असते, जसे ‘करपणे’पाशी ‘करपवणे’, तिथे ते वापरले की बोलणे लगेच आरोपाच्या अंगाने जाते. याउलट स्तुती करताना कर्ता हमखास परत येतो: ‘छान केलीयेस भाजी’. आपल्या ४० मिनिटांत चवीविषयी जितकी वाक्ये आली असतील तितकी बाजूला काढून, दोष आणि स्तुती यांत क्रियापद कोणत्या बाजूला झुकते ते तपासावे. मोजणी करायचीच असेल, तर ती अशा प्रश्नासाठी करावी.

आईंचे उत्तरही ‘पडलं असेल’ असे आहे. त्यांनी आजींचेच क्रियापद उचलले, म्हणजे कर्ता न सांगण्याचा आजींनी मांडलेला मार्ग त्यांनी स्वीकारला. ‘असेल’ म्हटल्यामुळे दोष पूर्ण मान्यही झाला नाही आणि नाकारलाही गेला नाही. इथे ‘हो’ आहे, ‘गं’ नाही. कारण सून सासूशी बोलत आहे. आठव्या ओळीत मावशींनी ‘मीठ बरोबर आहे’ असे म्हणून आजींना खोडून काढले नाही. ‘मला तर छानच लागतेय’ असे म्हणून त्यांनी मिठाचा प्रश्न आमटीतून काढून स्वतःच्या जिभेवर आणून ठेवला. ‘आहे’ आणि ‘लागते’ यांतला हा भेद फार मोलाचा आहे: ‘आमटी खारट आहे’ हे पदार्थाविषयीचे विधान, ‘आमटी खारट लागते’ हे चाखणाऱ्याच्या अनुभवाविषयीचे. अनुभवाशी वाद घालता येत नाही. म्हणूनच सासू आणि सून यांच्यामध्ये बसलेल्या पाहुणीला तो आधार घेता आला. दहाव्या ओळीत आजींनी ‘चव छानच आहे’ म्हणून माघार घेतली. त्यांनी पाचव्या ओळीतल्या बोलण्याची तक्रार झाली आहे हे ओळखले, याचा पुरावा ही माघारच आहे.

आता आग्रहाविषयी. जुडी डेव्हिडसन यांनी १९८४ साली इंग्रजी संभाषणांच्या आधारे असे दाखवले, की देऊ केलेली गोष्ट नाकारली गेली किंवा नाकारली जाईल असे दिसले, की देणारा तीच गोष्ट थोड्या बदललेल्या रूपात पुन्हा देऊ करतो. आपल्या तिसऱ्या ओळीत तेच घडले आहे. इंग्रजी संभाषणांवरच्या लेखनात नकार अडखळत आणि उशिरा येतो, होकार चटकन येतो, असे सामान्यतः वर्णन असते. आपल्याकडे मात्र पहिला ‘नको’ लगेच आला आणि ‘बरं’ म्हणण्याआधी ०.८ सेकंदांचा विराम पडला. पंगतीत पहिला नकार हीच अपेक्षित पाळी असते आणि होकारालाच थोडे थांबावे लागते, असे म्हणता येईल का, हे आणखी चार-पाच आग्रहांत पडताळून पाहावे; एका उताऱ्यावरून निष्कर्ष काढू नये. शिवाय हा शब्द ‘नाही’ नसून ‘नको’ आहे, याचीही नोंद घ्यावी. ‘नाही’ने माहिती नाकारली जाते, ‘नको’ने देऊ केलेली वस्तू. वाढणाऱ्या माणसाला ‘नाही’ असे उत्तर दिले तर ते मराठी कानाला तुटक लागते.

दोन शंका आहेत. दुसऱ्या ओळीत मावशींनी ताटावर हात आडवा धरला होता का? खरा नकार आणि रीतीचा नकार यांतला फरक आपल्याकडे पुष्कळदा शब्दांनी दिसत नाही, तो त्या हाताने दिसतो. आणि सहाव्या ओळीतल्या १.२ सेकंदांत कोणाच्या तोंडात घास होता का? तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांतील प्रश्नोत्तरांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात प्रश्न आणि उत्तर यांमधील सरासरी अंतर साधारण २०० मिलिसेकंद भरले. त्या दहांत एकही भारतीय भाषा नव्हती. तरीही त्या मानाने १.२ सेकंद फार मोठे अंतर आहे. ते संकोचाचे होते की घासाचे, हे ठरवल्याशिवाय त्यावर काही रचू नये.

कोथरूडची_विद्यार्थिनी

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. फक्त ध्वनिमुद्रण असल्यामुळे हाताची खूण त्यात नाही, परंतु मावशीने ताटावर हात धरला नव्हता, हे मला स्पष्ट आठवते. तिने ताट किंचित मागे ओढले होते. ही आठवण उताऱ्यात घालावी का? सहाव्या ओळीतला विराम मी पुन्हा ऐकला. आई चावत असल्याचा आवाज येत नाही, पळी भांड्याला टेकवल्याचा आवाज मात्र येतो, आणि त्यानंतर तिचे बोलणे सुरू होते.

बोलीवेध (उत्तर)

आठवणीतली गोष्ट उताऱ्याच्या ओळीत घालू नये; ‘संशोधिकेची नोंद’ असे म्हणून खाली निराळी लिहावी. जे ऐकू येते आणि जे आठवते, त्यांचे वजन सारखे नसते. पळीच्या आवाजाची गोष्ट निराळी आहे. तो ध्वनिमुद्रणात आहे, त्यामुळे तो उताऱ्यात यायलाच हवा.

मिठाचे विवेचन मला पूर्ण पटले. तरी या उताऱ्याचा गाभा अकराव्या आणि बाराव्या ओळीत आहे असे मला वाटते, आणि आपण ज्या वर्गवाऱ्या सांगितल्या त्यांत सर्वनामांचा उल्लेखच नाही. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद मराठीत आहे, गुजरातीत आहे, तमिळ आणि तेलुगूतही आहे. प्रमाण हिंदीत दोहोंसाठी ‘हम’ हा एकच शब्द आहे. व्याकरणात हा नियम एका ओळीत संपतो. आपल्या घरच्या जेवणात त्या नियमाने दोन ओळींत तीन घरे उभी केली आहेत.

मावशी म्हणतात, ‘आपल्याकडं चिंच असायची’. या ‘आपल्या’त त्या स्वतः आणि आपली आई आहे, म्हणजे दोघी बहिणींचे माहेर. समोर बसलेल्या आजी हे वाक्य ऐकत आहेत, पण त्या या ‘आपल्या’त नाहीत. लगेच ‘आमच्याकडं’ आले, ते सोलापूरचे सासर. त्यातून बहीणही बाहेर पडली. ‘असायची’ आणि ‘घालतात’ हा काळांतला फरकही पाहा: माहेर भूतकाळात राहिले आणि सासर चालू वर्तमानात आहे. पुढच्याच पाळीत आजी तोच शब्द उचलून म्हणतात, ‘आपल्याकडे पहिल्यापासून आमसूलच’. या ‘आपल्या’त आता आजी, आई, आपण आणि आपला भाऊ आहात, आणि मावशी बाहेर आहेत. एका क्षणापूर्वी आपली आई चिंचेच्या ‘आपल्या’त होती, आता ती आमसुलाच्या ‘आपल्या’त आली. दोन्ही ‘आपण’ तिच्यावर हक्क सांगत आहेत. ‘पहिल्यापासून’ आणि ‘च’ यांनी आजींनी तो हक्क पक्का केला.

आता तेरावी ओळ. आपल्या आईच्या उत्तरात एकही सर्वनाम नाही: ‘दोन्ही छान लागतं’. कोणत्याही एका ‘आपल्या’त पाऊल न टाकता, मावशींनी नुकतेच वापरलेले ‘लागणे’ त्यांनी घेतले आणि अर्ध्या सेकंदाने विषय भातावर नेला. ‘भात घ्या’ हे आजींना आदरार्थी आहे की सगळ्यांना अनेकवचनी आहे, हे मराठीत रूपावरून ठरत नाही, आणि या जागी ते न ठरणेच त्यांच्या कामाला आले. मुठाकाठ यांनी सांगितलेली कसोटी इथेही लावावी: पुढे कोणी भात घेतला, कोण काय बोलले, ते चौदाव्या ओळीत पाहावे. तिथे आधार मिळाला नाही, तर माझे हे वाचन जास्त झाले असे समजून सौम्य करावे. सासू-सून-बहीण अशी नाती दिसली, की आपण त्यांच्याविषयीच्या ऐकीव कल्पना बोलण्यात वाचू लागतो. त्यापासून जपायला हवे. ‘पुणेरी माणसे अशीच बोलतात’ या वळणाचे वाक्यही प्रकल्पात येऊ देऊ नये. एका घरातल्या एका जेवणावरून शहराविषयी बोलता येत नाही.

दहाव्या ओळीतले ‘आपलं’ही याच शब्दाचे भावंड आहे, पण तिथे त्याचा मालकीशी संबंध उरलेला नाही. ‘मी आपलं म्हटलं’ यातले ‘आपलं’ बोलण्याचे वजन उतरवते: सहज म्हटले, मनावर घेऊ नका. तीन ओळींत एकाच मुळाची तीन कामे आपल्याला मिळाली आहेत. इतका चांगला नमुना मुद्दाम शोधूनही सापडत नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या ‘बोलीभाषेतील उच्चार’ या विभागाविषयी. त्यात मावशींचे ‘-कडं’ असणार आणि आजींचे ‘-कडे’ नसणार, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर तो विभाग बदलावा. ‘-कडं’ पुणे जिल्ह्यातही सर्रास ऐकू येते. आणि ‘पडलंय’, ‘नाहीये’, ‘लागतेय’ ही आपल्या घरातल्या सर्वांचीच बोली आहे. आपल्या कानाला तिची सवय आहे, म्हणून ती प्रमाण वाटते. पाहुणीची तेवढी बोली आणि आपली ती भाषा, ही मांडणी मला मनापासून खटकते.

लिप्यंतर (उत्तर)

उतारा देवनागरीत लिहिण्याविषयी थोडे सांगतो. जेफरसन यांच्या चिन्हपद्धतीत स्वर लांबवल्याचे दाखवण्यासाठी अपूर्णविराम वापरतात. देवनागरीत ते चिन्ह विसर्गासारखे दिसते आणि वाचणारा ‘ना:’ हे निराळ्या उच्चाराने वाचतो. त्याऐवजी अवग्रह वापरावा; ‘नाऽऽ’ असे लिहिण्याची सवय मराठी वाचकाला आहेच. आठव्या आणि नवव्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत का, तेही तपासावे. चढल्या असतील तर दोन्ही ओळींत त्या जागी चौकटी कंस सुरू करावा. भाऊ मावशीचे बोलणे संपण्याआधी बोलला असेल, तर त्याने आईची बाजू घेण्याची घाई केली, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. विराम कानाने मोजले असतील तर ते ‘प्रात’ या संगणक प्रणालीत ध्वनिलहरी पाहून पुन्हा मोजावेत. ती विनामूल्य आहे.

कोथरूडची_विद्यार्थिनी

बोलीवेध यांचा अंदाज खरा आहे. त्या विभागात फक्त मावशीचेच शब्द होते. तो विभाग मी काढून टाकला आहे. आठव्या ओळीतील ‘लागतेय’च्या ‘ला’वरच भाऊ बोलू लागला होता, तेही आता दाखवले आहे. चौदावी ओळ आजीची आहे: ‘वाढ थोडा.’ म्हणजे ‘भात घ्या’ हे तिने स्वतःला उद्देशून घेतले, आणि आमसुलाचा विषय तिथेच थांबला.

पडणे-घालणे यासाठी संपूर्ण ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकताना शेवटाकडे एक जागा मिळाली. आजी आत जाऊन पडली आहे, आई आणि मावशी ताटे उचलत आहेत. हा संवाद मी पूर्वी ‘अपूर्ण वाक्ये’ या रकान्यात टाकला होता.

आई: माझ्याकडनंच मीठ जास्त पडलं गं आज.
मावशी: कळलं मला, म्हटलं कशाला बोला.

इथेही क्रियापद ‘पडलं’ हेच आहे, परंतु ‘माझ्याकडनंच’ जोडून आईने तो हात वाक्यात परत आणला. आजीपुढे जे ‘पडलं असेल’ होते, ते बहिणीपुढे निश्चित झाले. माझा प्रश्न असा आहे, की या मागाहून मिळालेल्या संवादाच्या आधारे आठव्या ओळीतले ‘छानच लागतेय’ खरे नव्हते असे म्हणता येईल का?

मुठाकाठ

तसे म्हणू नये. आठव्या ओळीचे विश्लेषण आठव्या ओळीपाशीच पूर्ण होते. तिथे मावशींचे वाक्य सर्वांनी मान्य केले आणि आजींनी माघार घेतली, एवढेच त्या क्षणी घडले. हा संवाद दुसरा उतारा म्हणून स्वतंत्र द्यावा आणि ‘पडलं’च्या परिच्छेदात दोन्ही शेजारी ठेवावेत. एक गोष्ट मात्र नक्की जोडावी. आजींच्या दहाव्या ओळीतले ‘म्हटलं’ तोंडाने म्हटलेले आहे आणि मावशींचे ‘म्हटलं कशाला बोला’ हे मनातल्या मनात म्हटलेले आहे. मराठीत दोहोंसाठी क्रियापद एकच आहे. एकीने जे बोलून दाखवले आणि मग ‘आपलं’ लावून हलके केले, तेच दुसरीने तोंडाबाहेर येऊच दिले नव्हते.